मॅडमच्या क्लिपा

आमच्या मॅडम गाडी चालवायला शिकवायच्या. मीही त्यांच्याकडेच शिकले, तेही चाळिशी उलटल्यावर, घरातल्या सगळ्यांनी हसून घेतल्यावर. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता, पण तो त्यांनी दाबलेला मी क्वचितच पाहिला. त्यांचा आवाजच पुरायचा. खणखणीत, स्वच्छ, बंद काचेतूनही बाहेरच्या माणसाला ऐकू जाईल असा. "क्लच सोड. सोड म्हणजे सोड, फेकू नको." हे वाक्य आमच्या भागातल्या निम्म्या बायकांना आजही झोपेत ऐकू येत असेल.

त्यांचं ऑफिस म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, खुर्च्या आणि पाण्याचा फिल्टर. आतल्या खोलीत टीव्ही, त्याच्यापुढे एक जुना व्हिडिओ गेमचा कन्सोल, आणि टेबलाला घट्ट आवळून बसवलेलं स्टिअरिंग. खाली तीन पेडल. हे सगळं आलं ते एका बाईंमुळे. समोरून ट्रक आला आणि बाईंनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. त्या दिवशी मॅडमना तो पायाचा ब्रेक लागला. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यांना आधी कुठेतरी खोटं खोटं मरू दिलं पाहिजे."

म्हणून तो कन्सोल. भित्र्या विद्यार्थ्यांना आधी त्याच्यावर बसवायचं. गेममध्ये एक मोठं शहर होतं, त्यात सिग्नल, वळणं, मधेच धावत येणारी माणसं. मॅडमनी त्याचं संगीत बंद करून टाकलं होतं आणि टेबलावर एक माइक ठेवला होता. कुणी चुकलं की एक बटण दाबायचं. मागची काही मिनिटं चित्रासकट, आवाजासकट साठवली जायची. मग तीच क्लिप परत लावायची. "बघ, इथे आरशात पाहिलंस का? नाही. मग वळलीस कुणाच्या भरवशावर?"

त्या क्लिपा मॅडम कधी पुसत नसत. जागा भरली, काहीतरी काढून टाका, असं मशीन सारखं सांगायचं. मग त्या एखादा न लागणारा गेम उडवायच्या, पण क्लिपांना हात लावायच्या नाहीत. पहिल्या दिवशी रडणारी बाई शेवटच्या दिवशी कशी चालवते, हे त्यांना तिचं तिलाच दाखवायचं असायचं.

सगळ्यांना काही हा खाक्या मानवत नसे. मॅडमची नणंद, घरातली सगळ्यांत धाकटी म्हणून तिला अजूनही छोटी म्हणतात, ती एकदा शिकायला आली होती. कन्सोल यायच्या आधीची गोष्ट. भर चौकात तिची गाडी बंद पडली, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मागच्या सीटवर दोन अनोळखी विद्यार्थी बसलेले असताना मॅडम म्हणाल्या, "इतकं घाबरायचं होतं तर घरी बसायचं ना." छोटीने दार उघडलं, चौकाच्या मधोमध उतरली आणि चालत निघून गेली. पुढे येणं-जाणं चालू राहिलं, वाढदिवसाला फोन झाले, पण गाडीचा विषय दोघींमध्ये परत कधी निघाला नाही.

मग मॅडमचा आवाज बसला. आधी धूळ म्हणून झालं, मग हवा बदलली म्हणून. घशाच्या गोळ्या चघळत त्या शिकवत राहिल्या. महिने गेले तरी आवाज उठेना, उलट खरखर वाढली, तेव्हा नवऱ्याने जवळजवळ ओढत डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, तुकडा काढून तपासायला गेला, आणि डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्रात गाठ आहे, वाईट आहे, आणि स्वरयंत्रच काढावं लागेल. श्वास मानेला केलेल्या छिद्रातून चालेल. जीव वाचायची शक्यता चांगली आहे.

"आणि बोलणं?" मॅडमनी विचारलं.

"तुमचं तुमच्या गळ्यातून, असं नाही होणार," डॉक्टर म्हणाले.

मॅडमच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. आम्ही त्यांना चष्मेवालेच म्हणतो. माणूस अतिशय नीटनेटका. भिंगावर बोटाचा ठसा दिसला तर त्याला जेवण जात नाही. बायको दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकलेली, आपल्याला तर काही करता येत नाही, या तगमगीत त्यांनी एक काम अंगावर घेतलं. ऑफिसातला कन्सोल रडतखडत चालत होता. त्यांनी नवा आणला. दोन्ही मशीन केबलने जोडली, आणि जुन्यातलं नव्यात हलवायला बसले. काय काय न्यायचं ते पडद्यावर विचारलं गेलं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. गेम, सेव्ह केलेला डेटा, सेटिंग, चित्रं आणि व्हिडिओ. सगळं न्यायचं तर उद्यापर्यंत बसावं लागेल, असं मशीनने सांगितलं, आणि वर नव्यातली जागा आताच निम्मी संपेल असंही. आजकालचे गेम म्हणजे एकेक जण हत्तीएवढा. चष्मेवाल्यांनी शेवटची खूण काढून टाकली. व्हिडिओ म्हणजे जाहिराती-बिहिराती असतील, असं त्यांना वाटलं. जुना कन्सोल त्यांनी फडक्याने पुसून, वायर गुंडाळून, बहिणीच्या, म्हणजे छोटीच्या घरी देऊन टाकला. तिच्या नवऱ्याला फुटबॉलच्या गेमचं वेड होतं. या नवऱ्याला लग्नापासून सगळे जावईबापू म्हणतात. आता केस पिकले तरी तेच नाव.

मॅडमना हे सांगायचं राहून गेलं असं नाही. नवा घेतलाय, जुना छोटीकडे दिलाय, एवढं त्यांनी सांगितलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मॅडमनी नुसती मान हलवली होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात त्यांना स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. तरुण बाई, बोलायला गोड. तिने सगळं समजावलं. घशाला लावायचं यंत्र असतं, आत बसवायची झडप असते, शिकायला वेळ लागतो. आणि एक टॅब्लेटही असतो. त्यावर लिहिलं की तो बोलून दाखवतो.

"कुणाच्या आवाजात?" मॅडमचा प्रश्न.

"तयार आवाज असतात. पण तुमचं जुनं रेकॉर्डिंग असेल, आवाज बसायच्या आधीचं, तर त्यावरून तुमच्यासारखा आवाज करता येतो. आताचा रेकॉर्ड केला तर खरखरीतच होईल. जितकं जास्त मिळेल तितकं बरं. काही आहे का? लग्नाचा व्हिडिओ वगैरे?"

"लग्नात ही एकदाच गप्प होती," चष्मेवाले म्हणाले.

मॅडमना हसू आलं, मग खोकला. त्यांनी फोनवर कधी व्हॉइस मेसेज पाठवले नव्हते; भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं म्हणायच्या. मग त्या एकदम सरळ बसल्या. "अहो, क्लिपा. ऑफिसातल्या क्लिपा आहेत की. मीच बोलतेय सगळ्यांत."

थेरपिस्ट बाई खूष झाली. चष्मेवाल्यांनी नजर टेबलाकडे वळवली. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत शेकडो लोकांना आरशात बघायला शिकवलेली बाई. माणूस कधी नजर चुकवतो ते तिला बरोबर कळतं.

"काय झालं?"

"आधी ऑफिसात जाऊ," ते म्हणाले.

ऑफिसात नवा कन्सोल टेबलावर चकचकीत बसला होता. चष्मेवाल्यांनी तो चालू केला, साठवणीचा पडदा उघडला. एक लांब रंगीत पट्टी. निळा भाग गेमचा, हिरवा सेव्ह केलेल्या डेटाचा. चित्रं आणि व्हिडिओ, त्याच्यापुढे शून्य.

"ऑनलाइन असतील," ते म्हणाले. "खात्यावर सगळं जातं ना वर."

खात्यात शोधलं. वर गेलेलं होतं ते फक्त कोण कितव्या धड्यापर्यंत पोचलं तेवढं. व्हिडिओ वर जात नाहीत, ते डब्यातच राहतात, असं मदतीच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं.

चष्मेवाले खुर्चीत बसले. "मी खूण काढली," ते म्हणाले. "तिथे विचारलं होतं. मला वाटलं..."

मॅडम चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चष्मेवाले मला नंतर म्हणाले. त्यांनी फक्त विचारलं, "जुना पुसून दिलात की तसाच?"

"तसाच. तुमचं खातं घालताना रीसेट करून घ्या, असं जावईबापूंना सांगितलं."

त्यांनी बहिणीला फोन लावला. छोटी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवावा लागतो. रिंग वाजून वाजून थांबली. मग जावईबापूंना लावला. ते सुट्टीवर घरीच होते. मागे प्रेक्षकांचा गलका, शिट्ट्या.

"जुना कन्सोल ना? आहे की. झकास चाललाय. फक्त जागा नाही म्हणतोय, म्हणून साफसफाईला बसलोय आज."

"थांबा. काहीही पुसू नका. ऐकताय ना?"

"हॅलो? दादा, तुटतंय तुमचं. करतो नंतर."

फोन बंद. परत लावला, उचलला नाही. परत लावला, नाही.

मॅडम तोवर गाडीची किल्ली घेऊन दारात उभ्या होत्या.

छोटीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. मधे रस्त्याचं काम निघालेलं, एकच बाजू चालू. चष्मेवाले शेजारी बसून फोन लावत होते, मधूनच पुढे वाकून रस्त्याकडे बघत होते. एका सिग्नलला समोर चिटपाखरू नव्हतं.

"अगं, कुणी नाहीये. जा ना."

"लाल आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज म्हणजे नुसती घासल्यासारखी कुजबुज.

"इथे जीव जायची वेळ आलीय."

"म्हणूनच." त्यांनी हात स्टिअरिंगवर जिथे शिकवतात तिथेच ठेवले होते.

लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. त्या जिन्याने निघाल्या. घशात गाठ असलेली बाई, श्वास पुरत नाही, तरी चष्मेवाल्यांच्या पुढे. दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्ही. जावईबापू जमिनीवर मांडी घालून बसलेले, दाराकडे पाठ, कानांवर मोठे हेडफोन. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींच्या रांगा, प्रत्येकीवर निवडल्याची खूण. मधोमध एक पाटी: निवडलेलं सगळं कायमचं पुसायचं आहे का? 'हो' उजळलेलं होतं.

मॅडमनी ओरडून त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं, पोटापासून जोर लावला, आणि बाहेर आली फक्त हवा. आयुष्यभर ज्या आवाजाने धावत्या गाड्या थांबवल्या, तो अगदी हवा तेव्हा आला नाही. मधे सोफा, टीपॉय, पसरलेली वर्तमानपत्रं. जावईबापूंचा अंगठा बटणाकडे जात होता. मॅडमच्या पायाशी भिंतीत सॉकेट होतं, टीव्ही आणि कन्सोलची वायर तिथूनच गेलेली. त्यांनी वाकून वायर ओढली.

पडदा काळा झाला.

जावईबापूंनी दचकून हेडफोन काढले आणि मागे वळले. दारात धापा टाकणारी मेहुण्याची बायको, हातात वायर, मागे घामाघूम मेहुणा.

"वहिनी? काय झालं? शॉक बसला का?"

"पुसलंत का? क्लिपा पुसल्यात का?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"कुठल्या? माझे गोल पुसत होतो. प्रत्येक गोल आपोआप साठवतंय हे, किती ठेवणार." ते उभे राहिले. "वहिनींच्या क्लिपा म्हणताय? त्यांना कोण हात लावतंय. छोटीने पहिल्याच दिवशी दम दिलाय. तिथं बोट लावलं तर जेवायला मिळणार नाही, म्हणाली. म्हणून तर रीसेट नाही केलं, तुमच्याच खात्यावर चालवतोय."

मॅडम सोफ्याच्या हातावर बसल्या. छोटीने दम दिला? का? पण ते विचारायच्या आधी चष्मेवाल्यांनी वायर परत लावली होती.

कन्सोल सुरू झाला, पण नेहमीसारखा नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की मशीन नीट बंद झालं नव्हतं, साठवण तपासली जात आहे. खाली एक बारीक पट्टी भरायला लागली. सगळे उभ्यानेच बघत होते. पट्टी पाव भरली, अर्धी भरली. जावईबापूंनी पाणी आणून दिलं, ते कुणी प्यायलं नाही. अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन पट्टी थांबली. आतून टकटक असा आवाज यायला लागला, बारीक, एकसारखा. चष्मेवाल्यांनी कान लावला आणि मागे घेतला.

"मधेच काढायला नको होती का?" मॅडमनी हलक्या आवाजात विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक असावं. मशीन चालू असताना मधेच वीज गेली की काय होतं, हे त्या डब्याच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं असतं.

"जुनी डिस्क आहे," जावईबापू म्हणाले. "गडगडायचीच अधूनमधून." ते चांगलं वाटावं म्हणून म्हणत होते, आणि ते सगळ्यांना कळत होतं.

मग पट्टी नाहीशी झाली. साठवण दुरुस्त करता आली नाही. सगळं पुसून नव्याने सुरुवात करावी लागेल. खाली एकच बटण: ठीक आहे.

ते बटण कुणी दाबलं नाही. जावईबापूंनी कंट्रोलर हळूच टीपॉयवर ठेवला, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा.

"मीच केलं," मॅडम म्हणाल्या.

"मी खूण काढली म्हणून ही वेळ आली," चष्मेवाले म्हणाले.

"अहो, पण ते सगळं जसंच्या तसं होतं. मी ओढली नसती तर होतं." त्यांचे डोळे भरले नव्हते. त्या समोरच्या पाटीकडे, अपघात झालेल्या गाडीकडे बघावं तशा बघत होत्या. कुठून चुकलं, कुठे दाबायला हवं होतं, ते शोधत.

छोटी कामावरून आली ती याच वेळी. खांद्यावर पिशवी, हातात भाजी. दारात एवढ्या चपला बघून ती आधीच घाबरली होती. शस्त्रक्रियेचं तिला माहीत होतं, भेटायला येणारही होती. वहिनी स्वतःच आली म्हणजे काहीतरी वाईटच. चष्मेवाल्यांनी तिला सगळं सांगितलं: थेरपिस्ट काय म्हणाली, क्लिपा का हव्यात, आणि आता काय झालंय.

छोटी ऐकत होती. तिचा चेहरा लाल होत गेला. नवऱ्याकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही जरा चहाचं बघा."

"आत्ता?"

"आत्ता."

ते स्वयंपाकघरात गेले. छोटी आतल्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती एक पेनड्राइव्ह घेऊन बाहेर आली. तो तिने मॅडमच्या हातात न देता मुठीतच धरून ठेवला.

"सगळ्या नाहीत," ती म्हणाली. "याच्यावर जागा कमी होती. ज्यातून मला काही कळलं तेवढ्याच घेतल्या. बाकीच्या मशीनमध्ये होत्या."

"तुला कळलं म्हणजे?"

"हे तिकडे फुटबॉल खेळत बसतात. मग मी आतल्या टीव्हीवर या लावते. दुपारी सुट्टी असली की." ती चष्मेवाल्यांकडे बघत नव्हती, मॅडमकडेही नाही. "शिकतेय. पाटावर पाय ठेवून क्लच, ब्रेक. यांना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली, मग मुद्दाम मोठ्याने परत सुरू झाली.

"माझ्याकडून?" मॅडमनी विचारलं.

"दुसरं कोण शिकवतं इतकं नीट." छोटीने आता वर पाहिलं. "वहिनी, मला इतकी वर्षं वाटत होतं, तू माझ्यावरच ओरडलीस. मुद्दाम, सगळ्यांसमोर. मग या पाहिल्या. तू तर सगळ्यांवरच तशी ओरडतेस. शिकायला आलेल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनासुद्धा. आणि नीट वळलं की लगेच म्हणतेस, हां, आता कसं. ते मी ऐकायला थांबलेच नव्हते त्या दिवशी. मधेच उतरले."

मॅडमनी हातातली किल्ली टीपॉयवर ठेवली. "चूक माझीच होती," त्या म्हणाल्या. "चौकात तसं बोलतात का."

छोटीने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला.

आधी गेममधल्या इंजिनाची घरघर आली. मग खोलीभर तो आवाज. "ब्रेक. ब्रेक कुठाय? सापडला? मग दाब की, फोटो काढायचाय का त्याचा?" कुणीतरी खुदकन हसलं. "हसू नकोस, समोर म्हातारा आहे. गेला. बिचारा औषध आणायला निघाला होता."

स्वयंपाकघराच्या दारात जावईबापू चहाचा ट्रे घेऊन थांबले. मॅडमचा हात गळ्यावर गेला होता. आपला आवाज असा होता, हे त्या विसरून गेल्या होत्या. खरखर इतकी हळूहळू चढली होती की मूळचं काय होतं ते आठवेनासं झालं होतं. चष्मेवाले उठून खिडकीपाशी गेले आणि चष्मा काढून पुसत बसले. तो स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह थेरपिस्टकडे पोचला. तिने दोन दिवसांनी फोन केला. "आवाज सुंदर आहे. इंजिनाची घरघर काढता येईल. पण यात तुम्ही सगळीकडे ओरडताय. जरा हळू, नेहमीसारखं बोललेलं काही नाही का?"

"ती नेहमी असंच बोलते," चष्मेवाले म्हणाले.

जुन्या कन्सोलची डिस्क त्यांनी डेटा काढून देणाऱ्या एका माणसाकडे नेली. त्याने उघडून पाहिली, तासभर खटपट केली आणि परत दिली. काहीच निघालं नाही. इतक्या वर्षांत रडत शिकायला आलेल्या, हसत गेलेल्या त्या सगळ्या बायका गेल्या. राहिल्या त्या छोटीला पाठ झालेल्या.

शस्त्रक्रिया लांबली. ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ झाला तरी कुणी बाहेर येईना, आणि छोटी, जी दिवसभर दवाखान्याच्या वातावरणात काम करते, ती बाकावर बसून भावाचा हात धरून होती. डॉक्टर आले तेव्हा आधी मास्क खाली करतात की आधी बोलतात, याच्यावरच दोघांचं लक्ष होतं. त्यांनी मास्क खाली केला आणि सांगितलं की सगळं निघालं आहे, दिसलं तेवढं.

पुढचे महिने पाटीवर लिहिण्यात गेले. मॅडमचं अक्षर वाईट, आणि घाईत तर आणखी वाईट. "दूध" लिहिलं की चष्मेवाले "दुःख" वाचायचे आणि जवळ येऊन बसायचे. मग टॅब्लेट आला. मॅडमनी पहिलं वाक्य लिहिलं, 'चहा घेणार का', आणि बटण दाबलं. टॅब्लेट असा कडाडला की चष्मेवाले सोफ्यावरून उठून उभे राहिले. शब्द आतिथ्याचे होते, सूर मात्र सिग्नल तोडल्याचा. मॅडम हसल्या. हसण्याला आवाज नव्हता, खांदे मात्र किती तरी वेळ हलत होते.

शिकवणं त्यांनी परत सुरू केलं तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. चालत्या गाडीत लिहून होईपर्यंत गाडी भिंतीत गेलेली असेल. मॅडमनी त्यावर उपाय काढला. टॅब्लेट गाडी सुटायच्या आधी आणि थांबल्यानंतर. मधे फक्त बोटं. डॅशबोर्डवर एकदा टकटक म्हणजे हळू, दोनदा म्हणजे आरसा बघ, पूर्ण पंजा म्हणजे ब्रेक. आणि पायाशी तो दुसरा ब्रेक होताच. पूर्वीपेक्षा तो जास्त लागतो, हे त्या लपवत नाहीत. काही विद्यार्थी दुसरीकडे गेले. काही राहिले.

पहिली विद्यार्थिनी छोटी होती. पाटावर शिकलेलं सगळं गाडीत बसताच विसरली. पहिल्याच वळणाला पंजा, दुसऱ्याला परत पंजा. त्याच चौकात तिची गाडी परत बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. छोटीने घाबरून शेजारी पाहिलं. मॅडमनी बोट उचललं, पण डॅशबोर्डवर टेकवलं नाही. मांडीवर हात ठेवून त्या समोर बघत राहिल्या. मागचे लोक ओरडून ओरडून बाजूने निघून गेले. छोटीने गाडी परत चालू केली.

तपासण्या अजून संपलेल्या नाहीत. दर काही महिन्यांनी जावं लागतं, आणि त्या आधीचे दिवस घरात कुणी फारसं बोलत नाही. गेल्या खेपेला दुकान सोडून चष्मेवाल्यांना येता येईना, म्हणून छोटीने नेलं. मॅडमच्याच गाडीतून, छोटी चालवत होती. लांबचा रस्ता, दोन्ही बाजूंनी मोठ्या गाड्या. निम्म्या वाटेत तिच्या लक्षात आलं की डॅशबोर्डवर बऱ्याच वेळात टकटक झालेली नाही. तिने क्षणभर शेजारी पाहिलं. मॅडम डोकं खिडकीला टेकून गाढ झोपल्या होत्या. मानेवरचा रुमाल श्वासाबरोबर हलत होता.

छोटीने वेग थोडा कमी केला, आणि पुढे ट्रक होता त्याच्या मागेच राहिली.